पाठीवरचा तेरा नंबर

आमच्या बाई कुणाकडे काही मागायला गेल्या तरी चपला काढत नसत. शहाद्याच्या बाजारात शेठच्या गादीपुढे बायाबापड्या पायरीखाली चपला सोडून, पदर सावरून, खाली बघत उभ्या राहायच्या. बाई चपलांसकट पायरी चढायच्या, सरळ शेठच्या तोंडाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "देणगी नको. सौदा करायला आलेय. माल बरोबर आणलाय, बघून घ्या."

माल म्हणजे आम्ही. मी आणि माझ्या संघातली सुशी. बाईंनी मान हलवली की आम्ही दोघींनी त्या पायरीपासून समोरच्या निंबाच्या झाडापर्यंत पळायचं, झाडाला वळसा घालायचा आणि परत यायचं. बैलगाड्या, शेळ्या, भाजीवाल्या, सगळ्यांमधून. आम्ही धापा टाकत आलो की बाई शेठला विचारायच्या, "बोला आता."

ही गोष्ट महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीची. आमचा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा आणि जिल्ह्याचं म्हणून जे काही असेल ते धुळ्याला असायचं. बाई मुलींच्या शाळेत भूगोल आणि शिवण शिकवायच्या आणि शाळा सुटल्यावर खो-खो घ्यायच्या. गाव त्यांना पाठीमागे 'खोबाई' म्हणे. मूळच्या नाशिककडच्या, नवऱ्यानं टाकलेल्या. हे गावाला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण भाड्याची खोली बघतानाच बाईंनी ते घरमालकिणीला सांगून टाकलं. "तुम्ही उगाच शोधत बसाल," म्हणाल्या, "त्यात तुमचाच वेळ जाईल." आमची अहिराणी त्या बोलायला जायच्या आणि हमखास चुकायच्या. आम्ही हसलो की त्याही हसायच्या, आणि पुन्हा तशाच चुकायच्या.

मी सातवीत होते. सातवीची परीक्षा झाली की शाळा बंद, असं आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ठरवून टाकलं होतं. त्यांचा मिरचीचा छोटा धंदा. घरात मी मोठी, मागे चौघं. ठरवलं त्यात त्यांचं फार चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. पण त्या हिवाळ्यात धुळ्याला जिल्ह्यातल्या शाळांचे सामने होणार होते, आणि मला तिथे एकदा पळायचं होतं. पुढच्या वर्षी मी शाळेत नसणार. जे काय व्हायचं ते याच वर्षी.

सामन्यांना सगळ्या मुलींचा पोशाख एकसारखा हवा, असा नियम होता. जायचा-यायचा खर्च वेगळा. शाळेनं हात वर केले. म्हणून बाई आम्हा दोघींना घेऊन बाजारात उतरल्या.

तेलघाण्यावाल्यानं आमचं पळणं बघून चार नाणी पुढे केली. बाईंनी हात मागे घेतला आणि सांगितलं की भिकेचा सौदा होत नाही. औषधाच्या दुकानदारानं उद्या यायला सांगितलं, ते आठवडाभर सांगत राहिला. एका कापडवाल्यानं मात्र उपदेश केला. पोरींना असं उधळायला लावण्यापेक्षा बसून खेळायचं काही शिकवा, म्हणाला.

"बसूनच खेळतात," बाई म्हणाल्या. "नऊपैकी आठ बसलेल्याच असतात. एकटी धावते. तेवढी एक तुम्हाला सोसत नाही का?"

शेवटी आम्ही हिरालाल शेठच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गेलो. कापसाचा हंगाम होता, आवारात गाड्यांची रांग, हवेत सगळीकडे बारीक तंतू उडत होते. शेठ कुणाशीही बोलताना हातात कापसाचं बोंड धरायचे आणि दोन अंगठ्यांमध्ये धागा ओढून त्याची लांबी बघायचे. आम्ही पळालो तेव्हा त्यांचे अंगठे थांबले.

"बेन, छोकरी दौडे छे खरी," शेठ म्हणाले.

मग भराभर ठरलं. बारा जणींना पुरेल एवढा मांजरपाट शेठ देणार, शिलाई देणार. धुळ्याला माल घेऊन लॉरी जातच होती, तिच्यावर आम्ही बसायचं. बदल्यात शेठचं नाव सदऱ्यांच्या पाठीवर. धुळ्याच्या व्यापाऱ्यांना ते दिसलं पाहिजे, एवढीच त्यांची इच्छा. बाईंनीही आपली अट घातली: आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो तरी लॉरीनं थांबायचं आणि आम्हाला परत आणायचं. शेठ हसले. हरायचं आधीच ठरवून येणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं.

यात कुणाचं काही चुकलं असेल तर ते एवढंच, की सदरे शिवून आल्यावर शेठनं ते जिनातल्या मुकादमाकडे टाकले. मुकादमाला नाव छापायचं म्हटलं की एकच गोष्ट ठाऊक. त्यानं कापसाच्या दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांवर, म्हणजे गठाणींवर, ठसा मारायचा पत्र्याचा साचा घेतला, गठाणींचीच काळी शाई घेतली आणि बाराही सदऱ्यांच्या पाठीवर 'हिरालाल, शहादे' असं ठसठशीत उठवलं. गठाणीला नंबर घालायची सवय, म्हणून खाली एक ते बारा नंबरही टाकले. आम्हाला कोण आनंद झाला. नंबरचे सदरे धुळ्याच्या पोरींकडेच असतात असं आम्ही ऐकून होतो. माझा नंबर चार.

घरी तो सदरा आईनं आधी पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. आमच्याकडे तेव्हा बायका नवऱ्याचं नाव ओठांवर आणत नसत, आणि पोरीच्या नावाला परक्या पुरुषाचं नाव लागायचं ते एकदाच, लग्नात. इथे तेरा वर्षांच्या पोरीच्या पाठीवर एका शेठचं नाव, आणि शाई अशी की घासून घासून आईची बोटं काळी झाली तरी अक्षर हलेना. बाराही घरांत त्या संध्याकाळी तेच झालं.

दुसऱ्या दिवशी सगळे बाप शाळेत आले. आप्पा पुढे होते. ते कधी फार बोलत नसत, त्या दिवशी बोलले.

"मन्ही पोरना पाठवर त्या शेठनं नाव? ती काय कापूसनी गठान शे का?" आणि बाई काही बोलायच्या आत, "एवढी हौस शे तर तुम्हना पाठवर ठसा मारी ल्या ना."

मागचे दोघं-तिघं हसले. मी खिडकीआड उभी होते. मला वाटलं, संपलं. बाई आप्पांकडे वळल्या. "बरं, आप्पा," म्हणाल्या. "मारते."

बाजाराचा दिवस होता. बाई शाळेतून निघाल्या त्या थेट जिनात गेल्या. अंगावरच्या पांढऱ्या पातळाचा पदर त्यांनी मुकादमापुढे पसरला आणि ठसा मारायला लावला. मुकादम नको नको म्हणत होता. त्यानं ठसा मारल्यावर बाईंनी नंबरही टाकायला सांगितला. बारा झाले होते, म्हणून तेरा. शाई वाळेपर्यंत बाई तिथेच बाकावर बसून राहिल्या. मग पदर पाठीवर नीट पसरून, तो चुण्यांत लपणार नाही असा धरून, त्या भरल्या बाजारातून चालत निघाल्या. धान्याची ओळ, भांड्यांची ओळ, मग मिरचीची.

शाळेतून आप्पांनी मला बाजारात आणलं होतं, मी त्यांच्या शेजारी मिरचीच्या ढिगाआड बसले होते. बाई आप्पांपुढे येऊन थांबल्या, वळल्या आणि पाठ दाखवली. पुन्हा तोंड फिरवून म्हणाल्या, "ज्याच्या नावावर मला दिली होती, त्यानं ते नाव परत घेतलं. तेव्हापासून ही पाठ मोकळीच होती, आप्पा. त्यावर आता एका व्यापाऱ्याची जाहिरात आहे. मला काही झालंय का, बघून सांगा."

आप्पा ढिगातल्या मिरच्या उगाच खालीवर करू लागले.

तेवढ्यात हिरालाल शेठ धोतर सावरत आले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी गयावया केली की बेन, पातळ बदला, माझं नाव मी मागे घेतो, कोरे सदरे शिवून देतो, लॉरीही तशीच देतो. सगळ्यांना वाटलं, चला, सुटलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"नावाशिवाय दिलंत तर तो दानधर्म झाला, शेठ. आपला सौदा झालाय. पोरी नाव घालूनच पळतील."

बाजार उठेपर्यंत ओळीतले लोक आप्पांना टोचत राहिले. शेजारचा म्हातारा तर आप्पांकडे बोट दाखवून गिऱ्हाइकांनाही सांगत होता, "हाऊच बोलना व्हता, मारी ल्या म्हनी." घरी आल्यावर आप्पा जेवले, पान खाल्लं, आणि आईला एवढंच विचारलं की तो सदरा वाळलाय का.

पहाटे लॉरीपाशी आम्ही नऊ जणी होतो. तीन आल्याच नाहीत. आठ असतो तर संघ झाला नसता.

धुळ्यात आम्ही मैदानात उतरलो तेव्हा कुणीतरी ओरडलं, गठाणी आल्या. लोक हसले. मला मात्र त्या दिवसाचं हसणं फारसं आठवत नाही. आठवतं ते हे, की मी धावत होते, पुढे सुशीची बसलेली पाठ होती, आणि खो देताना माझा तळवा त्या काळ्या अक्षरांवर पडला. मी दोघींना बाद केलं. संघ हरला, चांगल्या फरकानं हरला. आम्ही रडायला लागलो तेव्हा बाईंनी आम्हाला ओळीनं उभं केलं.

"घरी जाऊन हरलो म्हणून सांगा," म्हणाल्या. "मान खाली घालू नका. हरायलासुद्धा धुळ्यापर्यंत यावं लागतं."

लॉरी थांबलेली होती.

पुढे त्यांच्याविरुद्ध अर्ज गेला. शिक्षिकेला न शोभणारं वर्तन, असं काहीतरी त्यात होतं. माफी लिहून द्या, प्रकरण मिटवू, असं त्यांना सांगण्यात आलं. बाईंनी कागद घेतला आणि एकच ओळ लिहून दिली: 'पुढील वर्षी तेरा सदरे लागतील.' ही ओळ शाळेच्या शिपायानं गावभर केली. उन्हाळ्यात बदलीचा हुकूम आला, वर सातपुड्यात, अक्राणीत, जिथे पावसाळ्यात रस्ताच उरत नसे.

जाण्याआधी त्या आमच्या घरी आल्या. माझी शाळा सुटली होती, मी मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. आप्पा उठून उभे राहिले. बाई त्यांना म्हणाल्या, "भिऊ नका, पोर न्यायला आलेले नाही." आप्पा आत गेले आणि एक पायली निवडलेली मिरची कापडात बांधून त्यांनी बाईंपुढे ठेवली. बाईंनी किंमत विचारली. आप्पांनी हात जोडले. मला वाटलं, हाही दानधर्मच, म्हणून त्या परत करतील. पण त्यांनी गाठोडं उचललं, काखेत धरलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेल्या. पुन्हा मी त्यांना पाहिलं नाही. एक कार्ड आलं होतं, पावसाळ्यानंतर. वर पावरा आदिवासींच्या पोरी आहेत, अनवाणी पळतात, तुझ्यापेक्षा जोरात, एवढंच.

लग्न होऊन मी भिलाईला आले. पोलादाचा कारखाना नुकता उभा राहिलेला, भाषा परकी, माझ्याकडे सातवीचा दाखला. पहिली काही वर्षं मी रेशनच्या दुकानातही शेजारणीला पुढे करायचे. मग कॉलनीतल्या पोरींना खो-खो शिकवायला लागले. त्यांना पोशाख हवा झाला. सायकलीच्या दुकानदाराकडे मी चार वेळा दारापर्यंत जाऊन परत आले. पाचव्या वेळी आत गेले. त्यानं वर न बघता सांगितलं, कल आइए.

मी बाहेर उभ्या असलेल्या दोन पोरींना आत बोलावलं आणि त्याला म्हटलं, आधी ह्यांचं पळणं बघा, मग नाही म्हणा.