त्र्याऐंशीवा दिवस

"किती दिवस झाले?" डॉक्टरांनी विचारलं.

"बासष्ट."

त्यांनी पेन खाली ठेवलं. बाजूला दोन शिकाऊ डॉक्टरणी उभ्या होत्या. टेबलापलीकडे आमची मालकीण बसली होती, खुर्चीवर. मी उभी.

"बासष्ट कसे? घड्याळ लावलंयस का पोटाला?"

"बागेला बासष्ट झाले," मी म्हणाले. "छाटणीच्या दिशी मला पाळी आली व्हती."

ते हसले. त्या पोरीही हसल्या. "अगं, मग तुझी काढणी कधी आहे? माल एक्सपोर्टला जाणार का?"

मीही थोडी हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

मी पेठकडच्या डोंगरातली. भात कापून झालं की आमच्या पाड्याची टोळी दिंडोरीला द्राक्षांत यायची. त्या वर्षी पैसे हवे होते म्हणून आम्ही काही जणी आधीच आलो, छाटणीलाच. नव्वदीची शेवटची वर्षं ती. बागेत सगळे दिवस छाटणीपासून मोजतात. कोणती फवारणी कधी, घडांची विरळणी कधी, सगळं त्या आकड्यावर. पंपघरात खिळ्याला एक पाटी टांगलेली. वर छाटणीची तारीख, मालकाच्या अक्षरात. खाली आजचा दिवस. रोज सकाळी मालक कालचा आकडा पुसून नवा लिहायचा. मला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते.

आणि छाटणीचा दिवस मी विसरणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी पहिल्या वेलीपाशी नारळ फोडतात. पाळीतल्या बाईने बागेत पाय ठेवायचा नाही. कुणी मला विचारलं नव्हतं. मीच मालकिणीला सांगितलं, "वहिनी, मी बाहेरची झाले." आमच्याकडेही पाळतात. शिवाय पुढे बागेवर रोग पडला असता तर खापर माझ्यावर फुटलं असतं. वहिनींनी मला गोठ्यामागे बसवलं. भाकरी लांबून टाकली. तारेपलीकडून मी दिवसभर कात्र्यांचा आवाज ऐकत बसले.

तर ही तारीख दोघींना ठाऊक होती. मला आणि वहिनींना.

मूल का नको होतं, तेही सांगते. तीन लेकरं होती. तिसऱ्याच्या वेळी सावळघाटात जीपमध्येच रक्त जायला लागलं. नाशिकला पोचेपर्यंत मला शुद्ध नव्हती. अंगात रक्तच नाही म्हणून मूल बंद करायचं ऑपरेशनही केलं नाही. नर्स म्हणाली होती, "आता परत राहू देऊ नकोस. पुढच्या वेळी घाट उतरायची नाहीस." ते लेकरू अजून अंगावर पीत होतं. मी मेले असते तर तिघं उघडी पडली असती. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात हे काम करणारा डॉक्टर नव्हता. जे काही करायचं ते नाशिकलाच.

वहिनी म्हणाल्या होत्या, "माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. धर्मादाय दवाखाना आहे. मी नेते तुला." मला केवढा आधार वाटला. आईने हात धरावा तसा.

त्या डॉक्टरांनी हसून झाल्यावर वहिनींकडे पाहिलं. "खरं आहे का हो हिचं?"

मी वहिनींकडे पाहिलं. आता सांगतील. मीच बसवलं होतं हिला गोठ्यामागे, म्हणतील.

वहिनींनी हातातलं घड्याळ पाहिलं. "ह्या बायकांना कुठं आठवतं, डॉक्टर. तीन महिने तरी धरा."

डॉक्टरांनी लिहिलं. अंदाजे तीन महिने. मला तपासलंसुद्धा नाही. "नवऱ्याची सही आण. पुढच्या मंगळवारी ये. हे काम मंगळवारीच होतं."

जीपमध्ये मी विचारलं, "वहिनी, असं का सांगितलं?"

"कमी सांगितलं असतं तर त्यांनी आजच उरकलं असतं. आत्ता विरळणी चालू आहे. तू आठ दिवस झोपलीस तर तुझ्या ओळी कोण उरकणार? पंधरा दिवसांनी काय फरक पडतो?"

मालकाच्या जीपला नाशिक पाऊण तास. मला बागेतून फाट्यापर्यंत तासभर चालायचं, मग एसटी, मग सीबीएस स्टँडवरून पुन्हा पायी. केसपेपरची खिडकी अकराला बंद.

नवरा विंचूरला कांद्याच्या गोण्या भरायला होता. म्हणजे नाशिक ओलांडून पलीकडे. गेले तर तो ट्रकबरोबर गेलेला. दोन दिवस मार्केटच्या शेडमध्ये थांबले आणि तशीच परत आले. एकोणसत्तराव्या दिवशी सहीशिवाय गेले. खिडकीतूनच परत पाठवलं. पुन्हा विंचूर. या वेळी नवरा भेटला. त्याने अंगठा दिला, बाकी काही विचारलं नाही. शहात्तराव्या दिवशी सही होती, तर डॉक्टर लग्नाला गेलेले. रोज सकाळी पाटी बघायचे आणि कामाला लागायचे. मालक आकडा पुसत होता तो बागेचा. माझाही तोच पुसला जात होता.

त्र्याऐंशीव्या दिवशी उजाडायच्या आत मी पंपघरात गेले. पाटीवर कालचा ब्याऐंशी होता. बोटाने दोन पुसला आणि तिथे तीन काढला. पाटी खिळ्यावरून काढली आणि फाट्याकडे निघाले. एसटीत ती मांडीवर उताणी धरून बसले, अक्षराला पदरसुद्धा लागू दिला नाही. कंडक्टरने विचारलं, "शाळेत चाललीस काय?" मी तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी जुना कागद पाहिला. "तीन महिने तेव्हाच होते. त्यावर हे तीन आठवडे. बारा आठवडे उलटले की दोन डॉक्टरांची सही लागते. दुसरे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. तेव्हा ये."

"मी हलणार नाय," मी म्हणाले. आणि खालीच बसले, दारात.

"काय?"

"त्र्याऐंशी हायत. उद्या चौऱ्याऐंशी. माझं खोटं वाटत आसंल तर हे वाचा." मी पाटी त्यांच्या टेबलावर ठेवली. "तारीख मालकानं लिवलीय. त्या दिशी मला पाळी व्हती म्हणून तुमच्याच ओळखीच्या बाईनं मला गोठ्यामागं बसवलं. आता हात लावून तपासा. मग काय ते लिवा."

बाहेरच्या बायका दारात जमल्या. डॉक्टरांनी पाटी वाचली. मग कॅलेंडर पाहिलं. मग मला तपासलं. हात धुता धुता ते शिकाऊ पोरीला म्हणाले, "बरोबर आहे. बारा आठवड्यांच्या आत आहे."

त्या दिवशीच काम झालं. माझा जीव वाचला. पण आभार मानावेत असं तिथे काही घडलं नव्हतं. माझ्या तोंडावर त्यांचा विश्वास नव्हता, मालकाच्या खडूवर होता.

परत आले तेव्हा वहिनी अंगणात उभ्या होत्या. "पाटी नेलीस? फवारणी चुकली असती म्हणजे? मला सांगायचं होतं."

"तुमाला ठाऊक व्हतं वहिनी," मी म्हणाले. "तुमीच मला बाहेर बसवलं व्हतं."

त्यांनी पाटी घेतली आणि आत गेल्या. मी माझं बोचकं उचललं. पुन्हा त्या बागेत पाय ठेवला नाही.

काही वर्षांनी पाड्यावर आरोग्याचं काम घेतलं. अक्षरं शिकले. प्रशिक्षणात एका बाईंनी कायदा वाचून दाखवला. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरे. नवऱ्याची लागतच नाही. कायदा माझ्या जन्माच्या आधीचा. मी दोनदा वाचायला लावलं. मग संडासात जाऊन रडले. विंचूरच्या त्या दोन वाऱ्या. ते चौदा दिवस. कुणीतरी नुसतं तोंडाने मागितलं आणि मी पायाने फेडलं.

आईने धरावा तसा कुणी हात धरील म्हणून वाट बघायची नाही, हे तेव्हा ठरवलं. आता पाड्यावरची कुणी बाई सांगते, तेव्हा पहिल्या गाडीला तिच्याबरोबर मी असते. टेबलापाशी तिला खुर्चीवर बसवते. मी उभी राहते. पलीकडचा माणूस अजूनही आधी माझ्याकडेच बघतो. "हिला किती दिवस झाले?" मला विचारतो.

मी सांगत नाही. ठाऊक असलं तरी सांगत नाही.

"तिला विचारा," म्हणते. "आणि ती सांगेल तोच आकडा लिहा."