पहिल्या कादंबरीसाठी एजंट शोधताना

मंडळी, आज कराडला जाऊन आले. तिथलं बोलणं अजून मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

माझी पहिली कादंबरी लिहून झाली आहे. नव्या लेखकांचं लेखन प्रकाशकांपर्यंत नेणाऱ्या एक एजंट बाई तिथे राहतात. पण चार वर्षांचं लिखाण अनोळखी हातात कसं द्यायचं? माझं सुरुवातीचं शिक्षण घरीच, आईजवळ झालं. चौकशी केल्याशिवाय सही करायची नाही, हे तिनेच शिकवलेलं. म्हणून घाबरत विचारलं, "मॅडम, तुमच्याबद्दल कुणाला विचारू?"

वाटलं, रागावतील. पण त्यांनी एक नंबर लिहून दिला. "हे जतचे लेखक. मला सोडून गेले. आधी यांना विचारा. खूश असलेले काय, गोडच बोलणार."

एसटी स्टँडवर येऊन फोन लावला. पलीकडचे काका मोठ्याने हसले. "आवं ताई, लय भांडलो आमी. त्या म्हणायच्या, शेवट बदला. मी न्हाई बदलला."

"मग पुस्तक?"

"आलं की! मी निघताना त्यांनीच दुसऱ्या प्रकाशकाचं नाव सांगितलं. म्हणाल्या, त्यांना तुमचा शेवट आवडंल. बाई सरळ हाय, द्या बिनधास्त."

मी मागे फिरले आणि कादंबरीची फाईल मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दिलेला करार मात्र घरी आणलाय, वाचून मगच सही करणार. तसं त्यांनीच बजावलंय.

तेव्हापासून स्वतःलाच विचारतेय, तुम्हालाही विचारते. आपली चौकशी करायला कुणी आलं, तर आपल्याशी भांडून गेलेल्या माणसाकडे आपण त्याला पाठवू का?