ताडपत्रीचा समुद्र

साऱ्या शिरूर-दौंड पट्ट्यात जेवढी म्हणून भीती आहे, ती सगळी आमचे धाकटे दीर एकट्याच्या अंगावर घेऊन हिंडतात, आणि म्हणूनच बाकीच्यांना सुखानं झोप लागते, असं माझं ठाम मत आहे. भाऊजी कुरकुंभला एका केमिकल कंपनीत सेफ्टीच्या खात्यात आहेत. राहायला दौंडला, पण सुट्टी मिळाली की बायकोपोरांना घेऊन आमच्याकडे केंदूरला, शेतावर. आल्या आल्या चहा घेत नाहीत. आधी स्वयंपाकघरात शिरून साबणाचा फेस करतात आणि गॅसच्या रेग्युलेटरला फासून कुठं बुडबुडा येतो का ते बघत बसतात. माझ्या घरात मी चालवून घेते. पण शिक्रापूरला एका साखरपुड्यात त्यांनी आचाऱ्याच्या सगळ्याच सिलिंडरना फेस फासला. आचारी बिचारा समजला, हे सरकारी तपासणीवाले. त्यानं हात जोडून जिलबीचं ताट पुढं केलं. भाऊजींनी जिलबीला हात लावला नाही. "पोळंल," म्हणाले. हॉटेलात गेले तर मेनूकार्डाआधी बाहेर पडायचं दार शोधतात. आणि शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या गर्दीतून रस्ता ओलांडायचा असला, की दोन्ही पोरांच्या कॉलरी त्यांच्या मुठीत. पोरं अर्धी चालत, अर्धी लोंबकळत पलीकडं पोचतात.

अशा माणसाला माझ्या जावेनं गोव्याला न्यायचं ठरवलं, तेही समुद्राला अगदी चिकटून असलेल्या रिसॉर्टात. त्यांची ओवी सहा वर्षांची, शौर्य तिनाचा. आमची दोन पोरं वयानं त्यांच्याच मागंपुढं. "पोरांनी समुद्र बघू नये व्हय?" एवढंच जाऊ म्हणाली आणि दोन्ही घरांचं बुकिंग करून मोकळी झाली. भाऊजींना चार दिवस अन्न गोड लागेना. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर स्पीकर लावून रिसॉर्टला फोन केला. खोलीपासून पाणी किती पावलांवर आहे? मोठी लाट आली तर शिट्टी कोण वाजवतं? तो जेवायला गेला की कोण वाजवतं? नारळाच्या झाडांना नारळ आहेत का, आणि असतील तर आम्ही यायच्या आत उतरवून घ्याल का? पलीकडचा मॅनेजर आधी हसला आणि शेवटी चाचरत म्हणाला, "सर, आप घूमने ही आ रहे हैं ना?" भाऊजी म्हणाले, "वो बाद में देखेंगे."

फोननं समाधान होईना, तेव्हा ते मॉक ड्रिलवर आले. कंपनीत भोंगा वाजला की हातातलं काम टाकून सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं आणि डोकी मोजायची, अशी रीत असते. तीच त्यांनी गेल्या रविवारी आमच्या अंगणात आणली. कांदा झाकायची निळी ताडपत्री अंथरली, हा समुद्र. बांधावरचा कडुलिंब ही जमायची जागा. मे महिन्याच्या उन्हात चारही पोरांना नारिंगी लाइफ जॅकेटं चढवली. शिट्टी वाजली की समुद्रातून निघून लिंबाखाली रांगेत. आमच्या ह्यांना हसू आवरेना.

"हसू नका, दादा," भाऊजी म्हणाले. "पानी काय सांगून येत न्हाई. एक लाट येती, आन् पायाखालची वाळू निघून जाती. वरडायला तोंड उघडावं, तर तोंडात पानीच."

हे ते पोरांकडं बघत बोलले. मी त्यांना तिथंच अडवायला हवं होतं, पण मीही पदरात तोंड लपवून हसत होते.

शिट्टी वाजली. शौर्य आणि आमची दोघं ताडपत्रीवर धडाधड उड्या मारून लिंबाखाली पळाली. ओवी समुद्रात उतरलीच नव्हती. ताडपत्रीच्या कडेला ती उभी होती आणि तेवढ्या उन्हात तिला कापरं भरलं होतं. मी जवळ गेले तशी तिनं माझ्या पायांना मिठी मारली.

"काकी, आपण नको ना जायला. आपण सगळे मरू."

त्या समुद्रावरून तेव्हा आमची कोंबडी दाणे टिपत चालली होती. पण कुणाला हसू आलं नाही.

भाऊजींनी गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "वहिनी, कंपनीत मी भ्या दावतो, तवा कुठं मानसं हेल्मेट घालत्यात. घरी बी तेच करत आलो. आन् लेकरू असं थरथरतंय. म्हंजी मी केलं तरी काय?"

एरवी माझ्या जिभेवर चेष्टा तयार असते, पण त्या वेळी मला ओवीच्या जन्माचे दिवस आठवले. ती दिवस भरायच्या आधी जन्मली होती. तीन आठवडे दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. मी डबा घेऊन जायची, तर भाऊजी काचेला नाक लावून तिचे श्वास मोजत उभे. बोलायचे नाहीत, मोजणं चुकेल म्हणून. पोरगी घरी आली, चालायला लागली, शाळेत जायला लागली. भाऊजींचं मोजणं काही थांबलं नाही. त्यांची थट्टा करताना मी हे सोयीनं विसरते, आणि नंतर मला माझाच राग येतो. आता बॅगा भरून झाल्यात, शनिवारी निघायचं आहे, आणि खरं सांगते, समुद्राची धास्ती मलाही वाटायला लागलीय.

त्या रविवारी थोड्या वेळानं भाऊजी ओवीला घेऊन पाण्याच्या मोटारीजवळच्या हौदाकडं गेले. आम्ही तिथं कोथिंबिरीच्या जुड्या धुतो. विहिरीत कधी डोकावूनही न पाहिलेल्या त्या माणसानं बूट काढले, पँट वर दुमडली आणि कठड्याला धरून आत पाय टाकला.

"थंड हाय गं. पन बरं वाटतंय," ते म्हणाले. त्यांनी तिच्यापुढं हात केला.

ओवीनं कठड्यावर बसून भीत भीत एक पाय पाण्यात सोडला आणि त्यांच्याकडं पाहिलं.

"पप्पा, तुमचा हात हलतोय."

"पान्यानं हलतोय."

पाणी त्यांच्या पोटरीच्याही खाली होतं आणि हात कोरडा होता. सहा वर्षांच्या पोरीलाही ते दिसत होतं. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि दुसरा पाय पाण्यात टाकला.