माझे कोळसुंदे भुंकायचे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या मंडळाचे सभासद नाही – आणि असलात, तर आता माझा इलाज नाही.

दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीतली एक संध्याकाळ माझी असते. बदल्या होऊन माणसं येतात, जातात. माझी कोळसुंद्यांची गोष्ट तिथेच. कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे – तांबूस अंगाचे, काळ्या झुपकेदार शेपटीचे. वडील वनखात्यात, बालपण मेळघाटात. मग गोष्टीवर हक्क माझाच, नाही का? आणि मी ती काय रंगवायचो! कळपातले काही सांबरामागे धावतात, काही आडवाटेने पुढे जाऊन दबा धरतात, पुढचे दमले की मागचे पुढे होतात, आणि शेवटी सगळे मिळून त्याला डोहात घेरतात. त्यांचं भुंकणं काढताना मी घसा फाडायचो. मुलं खुर्च्यांवर उभी राहायची. मग माझं हुकमी वाक्य – धाकटी बहीण सुधा भेदरून रडत होती, मी तिला पाठीशी घातलं आणि जागचा हललो नाही.

सुधा लग्न होऊन गाझियाबादला गेली. दर वर्षी मेट्रो बदलत यायची, पुढच्या रांगेत बसायची. मुलं तिला रडूबाई आत्या म्हणायची. ती हसायची. का हसायची? मी कधी विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार?

यंदा ऐन त्या दिवशी माझा घसा पार बसला. सेक्रेटरी बाई म्हणाल्या, "चलो सुधाताई, तुम्ही पण होता ना तिथे? आज तुम्हीच सांगा." सुधा उठली, पदर खोचला, माईकपाशी गेली – आणि तिने शीळ घातली.

बारीक, लांबत जाणारी शीळ. कोळसुंदे शिकारीत भुंकत नाहीत, ती म्हणाली, शीळ घालून एकमेकांना हाक देतात.

ती शीळ मी ओळखली. लहानपणी त्या दिवशी रानातून घरी परतताना तिने मला सगळी शिकार सांगितली होती, मध्येमध्ये शीळ घालून. मी खेकसलो होतो, मुलींनी शीळ घालू नये म्हणून. गोष्ट मात्र घेतली. शीळ मला येत नव्हती – म्हणून माझे कोळसुंदे भुंकायचे.

कारण मी काही पाहिलंच नव्हतं. सांबर झाडीतून बाहेर आलं, त्यामागे कळप दिसला, आणि मी मोहाच्या झाडावर चढलो. खाली सुधाने हात वर केला. "दादा, हात दे." आणि मी – मी पाय वर घेतले. फांदीला मिठी मारून डोळे घट्ट मिटले. ती एवढीशी पोर खाली एकटी उभी राहून बघत राहिली. रडली नाही.

आणि काय सांगितलं तिने परवा! घाई नाही, आरडाओरड नाही. शेवटी म्हणाली, शिकार पडल्यावर मोठे कोळसुंदे बाजूला सरले आणि पिल्लांना आधी खाऊ दिलं. हे मी कधीच सांगितलं नव्हतं. मला त्यात काही पराक्रम दिसला नव्हता. सगळा हॉल उभा राहिला. इतक्या वर्षांच्या माझ्या टाळ्या त्या टाळ्यांच्या पासंगालाही पुरल्या नसत्या. माझा ऊर भरून आला – खोटं नाही सांगत. माझी बहीण जिंकली होती, आणि मला मनापासून आनंद झाला होता.

मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, म्हणजे आत्या, तुम्ही रडलाच नाहीत?

"नाही."

आणि काका?

सुधाने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "दादा माझ्या शेजारीच उभा होता."

सगळे माझ्याकडे वळले. पुन्हा टाळ्या पडल्या. मी उठलो, हात जोडले आणि त्या घेतल्या. घसा बसला होता हे खरं. पण मान हलवता आली असती.