पंचामृताचं बोट

बडोद्याच्या रावपुऱ्यात मिठाईची दुकानं हाकेच्या अंतरावर. पण कमळाबाई जाधवांच्या घरात साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर असे. नवऱ्याला, प्रतापसिंहरावांना, मधुमेह जडला त्या दिवसापासून बाई त्या डब्याच्या राखणदार झाल्या. जाधवांचे पूर्वज बडोदे संस्थानच्या फौजेत पहाऱ्यावर होते. मकरपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले प्रतापसिंहराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आमच्या घराण्याचा पहारा आता बायकोकडे गेला आहे.

त्या पहाऱ्यातूनही दुखणं आत शिरलंच. चपलेनं पायाला जखम झाली, ती चिघळली, तापाने अंग पेटलं आणि विष रक्तात भिनलं. त्यांना अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. घशात श्वासाची नळी, औषधाची गाढ झोप, आणि पंपातून थेंबाथेंबाने इन्सुलिन.

पहिल्याच दिवशी साखर एकशे सत्तर ऐकून कमळाबाई परिचारिका दीप्तीवर उखडल्या होत्या. घरी एवढी साखर त्यांनी कधी चालवून घेतली नव्हती. दीप्ती मांडवीकडची, मराठी घरातली मुलगी. तिने त्यांना शेजारी बसवून समजावलं. अशा आजारात शरीर स्वतःच साखर वाढवतं. ती एकशे चाळीस ते एकशे ऐंशीच्या मध्ये राहिली की पुरे. फार खाली आली तर जास्त धोका, कारण झोपवलेला माणूस घाम फुटला, चक्कर आली, हे सांगू शकत नाही आणि मेंदूला इजा होते. कमळाबाईंनी ते मनात पक्कं बसवलं.

हळूहळू रक्तदाब सावरला. तपासणीचं रक्त काढायची मनगटातली नळी निघाली आणि साखरेची तपासणी बोटाच्या थेंबावर आली. नेमकी त्याच दिवशी चंपाषष्ठी होती. जाधवांच्या घरात जुनी रीत होती : पहाऱ्यावरच्या माणसाला प्रसाद खायला सवड नसे, म्हणून घरची बाई त्याच्या बोटाला प्रसाद लावून येई. तेवढ्याने खंडोबाला पोचतं, अशी श्रद्धा. भेटीच्या वेळेत कमळाबाईंनी पिशवीतून चांदीची वाटी काढली, नवऱ्याचं बोट पंचामृतात बुडवलं, कपाळाला टेकवलं आणि पदराने पुसलं. गार पडलेल्या त्या हाताला कितीतरी वर्षांनी गोड लागलं होतं. त्यांना रडू आलं, पण बरंही वाटलं.

थोड्या वेळाने दीप्ती आली. तिने तेच बोट स्पिरिटने पुसलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला. आकडा आला तीनशे ब्याण्णव. तिने लगेच डॉक्टर समरजितांना बोलावलं. इन्सुलिन वाढवावं लागेल, असं म्हणत ते पंपाकडे वळले.

कमळाबाईंना वाटीत बुडवलेलं बोट आठवलं. खरं सांगितलं तर उद्यापासून आत येऊ देणार नाहीत, आणि नवऱ्याचे डोळे उघडतील तेव्हा त्यांना परकीच माणसं दिसतील. पण नाही सांगितलं तर साखर खाली जाईल, आणि हा झोपलेला माणूस हूं की चूं करणार नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ती साखर यांची नाही. माझ्या पंचामृताची आहे."

समरजितांचा हात पंपावरच राहिला. दीप्तीने कोमट पाणी आणून दुसरा हात धुतला, कोरडा केला, आणि त्या हाताचं बोट टोचलं. एकशे चौसष्ट.

"मासी," समरजित हसून म्हणाले, "देवाला सांगा, प्रसाद बाहेरच्या बाकावर मिळेल."

स्पिरिटने साखर निघत नाही, पाणीच लागतं, एवढं दीप्तीने सांगितलं. आत येऊ नका असं कुणीच म्हटलं नाही. कमळाबाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. पिशवीतल्या वाटीत पंचामृत उरलं होतं. ते त्यांनी स्वतःच पिऊन टाकलं, आणि इतकं गोड त्यांना आजवर कधी लागलं नव्हतं.

पुढे घशातली नळी निघाली. प्रतापसिंहराव शुद्धीवर आले, आणि दीप्तीने त्यांना सगळी हकीकत ऐकवली. घोगऱ्या आवाजात ते बायकोला म्हणाले, "एवढ्या वर्षांनी गोड दिलंस, तेही बोटाला. तोंड कुठं असतं ते विसरलीस काय?"

तपासणीची वेळ झाली होती. कमळाबाईंनी तांब्यातलं पाणी घेतलं आणि नवऱ्याचं एकेक बोट धुवायला घेतलं.