हिरव्या ओळीतला मुलगा

माझी वहिनी दिवसभर अनोळखी मुलांना एकच प्रश्न विचारते, "आत्ता कुठे बसलायस?"

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल, ही काय मेली चौकशी! पण ती तिची नोकरी आहे. एक कॉलेज आहे, त्याला वर्ग नाहीत, फळा नाही, घंटा नाही. सगळं ऑनलाइन. मुलं आपापल्या घरी बसून शिकतात आणि घरी बसल्या बसल्याच शिकणं सोडून देतात. त्यांनी सोडू नये म्हणून कॉलेजनं फोन करायला माणसं ठेवलीत, त्यातली वहिनी एक. तीही घरूनच काम करते, आमच्या पुढच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून. त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला माझं शिलाई मशीन. मी पडदे शिवते. तिचा फोन स्पीकरवर असतो, तो लागला की माझं मशीन बंद, असा आमचा करार. आणि मशीन बंद झालं की मला ऐकण्याशिवाय दुसरं काम उरत नाही. तेव्हा हे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, कुणी येऊन सांगितलेलं नाही.

खरं सांगायचं तर मला हे कॉलेज म्हणजे थोतांड वाटायचं. अंथरुणात पडून पोहायला शिकण्यातला प्रकार! वहिनीला तसं तोंडावर म्हटलंही होतं. ती म्हणाली, "वन्सं, दिवसभर राबून आलेल्या माणसाला अंथरुणातच शिकता येतं." वन्सं म्हणते ती खुशीत असली की. चिडली की नुसतं "अहो". मी मान खाली घालून शिवायला लागते.

तर तो प्रश्न. अभ्यास का केला नाहीस, असं ती कधीच विचारत नाही. त्याचं उत्तर प्रत्येकानं तयार ठेवलेलं असतं आणि ते खोटं असतं, असं तिचं म्हणणं. कुठे बसलायस विचारलं की माणूस खरं बोलून जातो. एक मुलगी म्हणाली, जिन्यात बसलेय. का गं? तर घरात बाळ झोपलंय आणि सासूबाई जाग्या आहेत. वहिनीनं सासूबाईंनाच फोनवर बोलावलं आणि त्यांची अशी काही विचारपूस केली, गुडघ्यांपासून झोपेपर्यंत, की पुढच्या आठवड्यापासून मुलगी टेबलाशी आणि बाळ आजीच्या मांडीवर. पेट्रोल पंपावर काम करणारा एक मुलगा म्हणाला, बाथरूममध्ये. घरात कडी लागणारं दार तेवढं एकच होतं. वहिनी म्हणाली, "मग तिथेच बस बाबा. पण बादली उपडी घालून बस, नाहीतर पाठ धरेल." तो पास झाला. मी हसून हसून धागा तोडला होता त्या दिवशी.

सत्राचा शेवटचा महिना सगळ्यांत वाईट. धडधाकट मुलं ऐन तोंडाशी आल्यावर हातपाय गाळतात. मग वहिनीचं एकच पालुपद चालू होतं, "अरे, हत्ती गेला, शेपूट राहिलं! शेपटासाठी अडून बसतोस होय?" ती रागावते, चुचकारते, एखादं रडायलाच लागलं तर त्याचं रडून होईपर्यंत फोन धरून बसते. तिच्या वाट्याची मुलं परीक्षेला बसतातच, असा तिचा लौकिक. त्याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नव्हती. का लपवावा? दर सत्राला तिचा करार नव्यानं होतो, तो याच एका गोष्टीवर. किती बसले, एवढंच बघतात.

तिच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक मुलाची एक ओळ असते. रोजचं व्याख्यान पूर्ण ऐकणारा हिरवा, टाळाटाळ करणारा पिवळा, गायब झालेला लाल. फोन करायचा तो लालला. वेळ उरला तर पिवळ्याला. हिरव्याच्या वाटेला कुणी जात नाही, त्याचं बरं चाललेलं असतं.

गेल्या सत्रात, परीक्षा तीनेक आठवड्यांवर आलेली. त्या दिवशी सकाळपासून तिनं बोलणीच खाल्ली होती. एकानं फोन आपटला, एक म्हणाला पुन्हा फोन केलात तर तक्रार करीन. वहिनी कपाळ चोळत बसली होती. मी आपली गंमत करायला म्हटलं, "रोज मेले रडतराऊत! कधीतरी एखाद्या शहाण्या मुलालाही फोन कर की. त्या बिचाऱ्यानं काय पाप केलंय?"

ती हसली. म्हणाली, "खरंच की हो, वन्सं." आणि हिरव्यांतला सगळ्यांत हिरवा मुलगा काढला. एक दिवस चुकलेला नाही, एक व्याख्यान अर्धं सोडलेलं नाही. "याला शाबासकी देते," म्हणाली, आणि मला नीट ऐकू यावं म्हणून स्पीकर मोठा केला.

फोन एका पुरुषानं उचलला. मुलाचे वडील. मागे व्याख्यान चालू असल्याचा आवाज येत होता. वहिनी मोठ्या उत्साहानं म्हणाली, "तुमच्या मुलाचं कौतुक करायला फोन केलाय. माझ्या यादीत सगळ्यांत पुढे आहे तो. असा मुलगा नशिबानं मिळतो!"

 व्याख्यान तेवढं चालू. मग तो माणूस रडायला लागला. हुंदके आवरत रडणं नव्हे, एखाद्या मोठ्या माणसानं दार लावून घेऊन रडावं तसं.  वहिनीनं घाईघाईनं स्पीकर बंद करायला हात नेला आणि तसाच ठेवला.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आत्ता कुठे बसलाय तो?"

"बसलेला नाहीये मॅडम," वडील म्हणाले. "भिंतीकडे तोंड करून पडलाय. सत्र सुरू झालं तेव्हापासून."

मग सगळं बाहेर आलं. ते शाळेची बस चालवायचे. घरात ते आणि मुलगा, दोघंच. सकाळची पोरं शाळेत सोडली की दुपारच्या फेरीपर्यंत मोकळे. त्या वेळात घरी येऊन मुलाच्या उशाशी व्याख्यान लावायचे. संपेपर्यंत जवळ बसायचे. चाचण्याही तेच द्यायचे. "चार उत्तरं दिलेली असतात, त्यातलं एक दाबायचं. दहात तीन येतात. एकदा चार आले होते," असं म्हणाले. म्हणाले, "कानावर पडत राहील मॅडम. उठेल तेव्हा आपण मागे पडलो असं नको वाटायला त्याला."

"पण झालं काय त्याला?"

"काहीच झालं नाही हो, तेच तर! काही झालं असतं तर चार लोकांना सांगता तरी आलं असतं."

वहिनीनं डॉक्टरांचं विचारलं. ते एकदम ताठरले. "वेडा नाहीये तो."

"वेडा कोण म्हणालं? पाय मोडला असता तर असा घरात ठेवला असतात का?" वहिनीचा आवाज चढला. मग उतरला. "दादा, तुम्ही ते व्याख्यान बंद करा आधी."

"बंद केलं तर लाल होईल ना तो. काढून टाकतील त्याला."

"लाल झाला तरच मला त्याला फोन करता येतो," ती म्हणाली.

खोटी हजेरी सापडली की त्याच दिवशी वर कळवायचं आणि मुलाचं नाव कायमचं कमी करायचं, हा नियम. पळवाट एकच होती. आजारपणासाठी सत्र पुढे ढकलता येतं, मग मागची हजेरीच रद्द होते. पण ती मागणी मुलानं स्वतःच्या तोंडानं करायला हवी, तीही परीक्षा सुरू व्हायच्या आत. आणि हा मुलगा तर तोंडच उघडत नव्हता. म्हणजे त्याच्या दोन शब्दांवर सगळं येऊन ठेपलं होतं.

वहिनीनं काही लपवलं नाही. तिच्या साहेबांना फोन करून जसं आहे तसं सांगितलं. साहेब पहिलं वाक्य काय बोलले? "हिरव्याला फोन करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग म्हणाले, हिरवाच राहू द्या, परीक्षेला कॅमेऱ्यासमोर नुसता बसवा, नापास झाला तर झाला, बसला एवढं मोजतात. वहिनी म्हणाली, "बसवू कसा, साहेब? तो उठतच नाहीये." शेवटी त्यांनी परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत मुदत दिली. "तुमच्या जबाबदारीवर," हे वर ऐकवलंच.

त्या दिवसापासून रोज दुपारी, वडील घरी असायचे तेव्हा, वहिनी फोन लावायची आणि ते तो उशीपाशी ठेवायचे. माझं मशीन बंद. वहिनी बोलायची. हत्ती नाही, शेपूट नाही. ते पालुपद तिनं त्याच्यापाशी एकदाही काढलं नाही. आज ऊन पडलंय, माझ्या नणंदेनं पडदा उलटा शिवलाय, असलं काहीबाही. उलटा शिवला नव्हता, पण मी मूग गिळून बसले. पलीकडून फक्त श्वास यायचा. कधीकधी तोही नाही. इकडे बाकीची मुलं ओरडत होती, लाल ओळी वाढत होत्या, त्यांचेही फोन व्हायलाच हवे होते. फोन ठेवला की वहिनी पाणी प्यायची आणि पुढचा लावायची. रात्री जेवताना घास हातात धरून बसायची. मला तिची फार काळजी वाटायला लागली. म्हटलंही, "अगं, तू काय त्याची आई आहेस?" त्यावर नुसतं "अहो" आलं.

मुदतीचा दिवस उजाडला तरी तो बोललेला नव्हता. वडील म्हणाले, "राहू द्या मॅडम. तुम्ही खूप केलंत." त्यांनीच हातपाय गाळले होते.

वहिनी म्हणाली, "एकदा ठेवा उशीपाशी. शेवटचं." आणि मग त्या मुलाला म्हणाली, "हे बघ, मी तुला उठ म्हणायला फोन केलेला नाही. तुझे बाबा तुझ्या नावानं चाचण्या देतात, ठाऊक आहे ना? दहात तीन मिळतात त्यांना. त्यांनी आता पुढेही शिकावं की थांबावं, एवढं तू सांग."

 बराच वेळ गेला. मग एक आवाज आला, गंजलेलं कुलूप उघडावं तसा. "तीन?"

"एकदा चार आले होते," वडील मागून घाईनं म्हणाले.

 मग मुलगा म्हणाला, "मला वाटायचं, मला टोचायलाच ते व्याख्यान लावतात रोज. बघ, सगळे शिकतायत आणि तू पडलायस, म्हणून."

"नाही रे बाळा," वडील म्हणाले. "नाही रे. तुझी जागा धरून ठेवत होतो."

बसमध्ये पोरं दप्तर ठेवून जागा धरतात, ते हा माणूस रोज बघत असणार. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. वहिनी मात्र कामाला लागली. सत्र पुढे ढकलायचं का, विचारलं. तो म्हणाला, "हो. ढकला." दोनच शब्द, पण त्याचे स्वतःचे. फोन ध्वनिमुद्रित होत होता, तेवढं पुरलं. त्याची ओळ तिच्या कॉम्प्युटरवरून गेली. लाल नाही, हिरवी नाही, नाहीच. दुसऱ्या दिवशी वडिलांनी बस दुसऱ्याच्या हातात दिली आणि त्याला डॉक्टरांकडे नेलं.

वहिनीच्या वाट्याचं एक मूल परीक्षेला बसलं नाही, असं वर लिहिलं गेलं. पुढच्या सत्राला तिला बोलावतील की नाही, ते अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, तुझा लौकिक गेला बाई. म्हणाली, जाऊ दे.

परीक्षा सुरू झाली. जिन्यातली मुलगी बसली, फोन आपटणारासुद्धा बसला. शेवटच्या पेपरच्या दुपारी वहिनीला फार काम नव्हतं. मी एका मोठ्या दिवाणखान्याचे पडदे शिवत होते. तिचा फोन वाजला. मी सवयीनं मशीन थांबवलं.

वडिलांचा नंबर, पण बोलत होता मुलगा. म्हणाला, "मॅडम, माझी परीक्षा नाहीये, माहितीये मला."

"हो रे. कुठे बसलायस?" वहिनीनं विचारलं. तिच्या तोंडून ते सवयीनं गेलं, आणि मग तिचं तिलाच कळलं काय विचारलं ते.

तो म्हणाला, "खुर्चीत. काही करत नाहीये. नुसता बसलोय."

"बरं," वहिनी म्हणाली. "बस हं."

फोन ठेवून ती तशीच खिडकीकडे पाठ करून बसून राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, तुमचं मशीन चालू करा ना जरा."

मला कळलं. ती कधीच कुणाला ऐकू जाईल असं रडत नाही. मी पायडल दाबलं आणि मशीन जोरात पळवलं. कापड सुईखाली घ्यायचं राहून गेलं होतं, पण ती थांबा म्हणेपर्यंत मी ते तसंच चालू ठेवलं.