सोमवार, गुरुवार, शनिवार सोडून

आमच्या बिल्डिंगला मासे देणाऱ्या मावशीइतक्या मालिका सबंध बोईसरात कोणी पाहिल्या नसतील, आणि एकही मालिका धड पूर्ण न पाहिलेली बाईही तिच्याशिवाय दुसरी सापडायची नाही. ती घिवलीची. सकाळच्या रिक्षाने पाटी घेऊन येते, स्टेशनकडच्या गल्ल्या उरकते आणि दुपारी बाराच्या सुमाराला आमच्याकडे पोचते. आधी तळमजला, मग पहिला, मग दुसरा, आणि शेवटी तिसऱ्या मजल्यावर मी. ही वेळ आदल्या रात्रीचे भाग पुन्हा दाखवण्याची, त्यामुळे ती ज्या दारात बसेल तिथे आत टीव्ही लागलेलाच असतो. मावशी दाराबाहेर फतकल मारते. हात कोयत्यावर, डोळे आत. मासा साफ व्हायला जेवढा वेळ लागेल तेवढी मालिका तिच्या वाट्याला येते. बोंबील असले तर दोन-तीन मिनिटं, सुरमई असली तर जाहिराती धरून अर्धा भाग, आणि कोलंबी सोलायची असली की पूर्ण. बाजारात कोलंबी भरपूर आली की मावशीला मालिका चांगल्या कळू लागतात, असं माझं निरीक्षण आहे.

मालिकांची नावं तिला ठाऊक नाहीत. ती त्यांना मजल्यावरून ओळखते. तळमजल्याची, पहिल्या माळ्याची, दुसऱ्या माळ्याची. पहिल्या माळ्याच्या सुनेला सारखी चक्कर यायची आणि कारण कुणालाच सापडत नव्हतं, तेव्हा मावशी कळवळून म्हणाली, "दुसऱ्या माल्यावरचा डाक्टर एवडा चांगला हाय, हिला एकदा त्याला दाखवा ना कोनी!" वाहिन्या वेगळ्या आहेत, हे तिला मीच समजावलं. ती म्हणाली, "वेगल्या असल्या म्हणून काय झालं? मानूस आजारी हाय."

आमच्या घरची गंमत आणखी वेगळी. आमचा फ्रीज अशा जागी होता की दारातून टीव्हीचा उजवा अर्धा भाग दिसायचाच नाही. डावीकडे एक सासू असायची आणि ती दिवसभर फ्रीजच्या दिशेने तोंड करून बोलायची. मावशीला वाटायचं, ती एकटीच बडबडते, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्या सासूबद्दल तिला फार वाईट वाटायचं. पुढे भिंतीला रंग द्यायचा म्हणून आम्ही फ्रीज सरकवला आणि मावशीने एकदम कोयता थांबवला. "ही कोन?" "तिची जाऊ." "कदी आली?" "पहिल्यापासूनच आहे, मावशी." मावशी माझ्याकडे बघतच राहिली. "दोन वर्सं मला कोनी बोललं नाय," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिने मला मांदेली जरा फणकाऱ्यानेच दिली.

आता मुख्य गोष्ट. मावशी सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी येत नाही. त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे मासे लागत नाहीत. म्हणजे दर आठवड्याचे काही भाग तिने कधी पाहिलेलेच नाहीत. दुसरी कुणी असती तर शेजारणीला विचारून घेतलं असतं. मावशीला त्याची गरज वाटली नाही. तिचं ठाम मत आहे की या दिवशी मालिकेतही काही घडत नाही. "वाराच्या दिवशी कोन काय करनार? घरात वरन-भात असतो, मानसं गप असतात." मग बुधवारी पाहिलेल्या भागात एखादी सून हॉस्पिटलात होती आणि शुक्रवारी ती एकदम लग्नाच्या मांडवात दिसली, तर मधलं सगळं मावशी स्वतः भरून काढते. मी मुद्दाम दोन-तीनदा ताडून पाहिलं. तिने भरलेला भाग लेखकाच्या भागापेक्षा बरा निघाला. तिच्या भागात माणसं एकमेकांना सरळ विचारून मोकळी व्हायची. लेखकाने तेच काम चार महिने लांबवलेलं असायचं.

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की ती सुकं घेऊन कधीमधी येते, आणि श्रावणात तर मुळीच फिरकत नाही. महिन्याभराने आली की गेटपाशीच तिचा पहिला प्रश्न असतो, "कोन मेला?" आमचा वॉचमन बिहारचा, नवीन होता. त्याने घाबरून हात जोडले आणि सांगितलं, "मौसी, यहाँ सब ठीक है।"

माणसं ओळखायची तिची कसोटीही ठरलेली. समोरची बाई मासे कसे घेईल, एवढं पाहायचं. मालिकेतली सोज्वळ नायिका तिला बिलकूल पसंत नाही. "ही शिलं म्हावरं घेऊन जाईल आनि वर थँक्यू बोलंल. हिच्या हाती घर कसं देनार?" उलट खलनायिका, जी दुधात काहीबाही मिसळते आणि कागदपत्रं पळवते, ती तिची लाडकी. "ही कल्ले उघडून बघनारी बाय हाय. घरात एक तरी अशी पायजे." सेक्रेटरीकाकांपासून माझ्या नवऱ्यापर्यंत सगळ्यांना अरे-तुरे करणारी मावशी त्या खलनायिकेला मात्र "बायसाहेब" म्हणते. तिला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. एवढ्या मोठ्या घरात दहा माणसं आहेत, नोकरचाकर आहेत, पण आज जेवायला काय करायचं हे कुणी कुणाला विचारत नाही. "खात काय असतील ते?" हा प्रश्न तिने मला इतक्यांदा विचारलाय की हल्ली मीही मालिका बघताना स्वयंपाकघर शोधत असते.

एका रविवारी माझ्याकडे सिनेमा लागला होता. नायक होडीच्या टोकावर दोन्ही हात पसरून उभा, मागे गाणं, वारा, नायिकेची ओढणी. मी अगदी रंगून पाहत होते. "पाठी सुकान कोनाच्या हाती हाय?" मावशीने विचारलं. मी पाहिलं तर खरंच, होडीत तिसरं कुणी नव्हतं. त्यानंतर गाणं संपेपर्यंत मला नायक दिसला नाही, नुसती ती होडी कुठे जाऊन आपटणार याची काळजी लागून राहिली. स्वयंपाकाच्या स्पर्धेत एका पोराने पापलेटचं डोकं उडवून टाकून दिलं आणि परीक्षक चव घेऊन रडले, तेव्हा मावशी म्हणाली, "रडतील नाय तर काय! चव फेकून दिली त्याने." आणि बातम्यांमधल्या चौकटीत बसून भांडणाऱ्या सहा जणांना ती एकाच घरातले भाऊ समजते. वाटणी अजून झाली नाही म्हणून भांडतात, असं तिचं म्हणणं. मी हे दुरुस्त करायचा प्रयत्न केला नाही.

मी कराडकडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा बांगडा कोणता आणि बोंबील कोणता हेही मला कळत नव्हतं. नवरा कारखान्यात पाळीला गेला की घर खायला उठायचं. तेव्हापासून चौदा वर्षं मी या बाईची वाट पाहत आले. ती दारात बसली की मला दुपारी कुणीतरी घरचं आल्यासारखं वाटायचं. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, आणि बोलले असते तर तिने मला सोज्वळ नायिकांच्या यादीत घातलं असतं.

गेल्या वर्षी जिन्याला नव्या फरशा बसल्या. त्यानंतर एका दुपारी वॉचमन सोसायटीची वही घेऊन दारात आला. मालिकेत बायसाहेबांचं पितळ उघडं पडण्याची वेळ होती. मी टीव्हीवरची नजर न काढता सही केली. बुधवारी मावशी आलीच नाही, म्हणून गॅलरीतून वाकून पाहिलं, तर ती खाली गेटपाशी, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलेली. नोटीस अशी होती की फरशांवर माशांचं पाणी सांडतं, तेव्हा यापुढे विक्रेत्यांनी जिना चढू नये. खाली सगळ्यांच्या सह्या होत्या. माझी जरा जास्तच ठसठशीत होती.

खरं तर मावशीचं नुकसान काही झालं नाही. सगळ्या बायका एकदम खाली येत, पाटी अर्ध्या तासात रिकामी होई आणि ती लवकरच्या रिक्षाने घरी जाई. "तिचीच सोय झाली," सेक्रेटरीकाका म्हणाले, आणि त्यांचं चुकलं होतं असंही म्हणता येणार नाही. पण मावशी गप्प झाली. कुणाच्याच सुनेची चौकशी करीना. एकदा मीच म्हणाले, "मावशी, पहिल्या माळ्याची सून परत आली बरं का सासरी." ती मान वर न करता म्हणाली, "आली तर आली. बोल, किती देऊ?" मला भर उन्हात रडू यायचं बाकी राहिलं. सही केली हे सांगायची हिंमत होईना, आणि न सांगता तिच्यासमोर उभं राहवेना.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची सभा होती. चौदा वर्षांत मी सभेत तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उभी राहिले आणि म्हणाले, "मावशीला वर येऊ द्या. जिना मी पुसून घेईन." सेक्रेटरीकाकांनी शांतपणे वही पुढे केली. "ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग वाचली नव्हती का?"

"नाही. मालिका चालू होती."

दोघा-तिघांना हसू फुटलं. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. तेवढ्यात तळमजल्याच्या वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडेही चालूच होती." मग दुसऱ्या मजल्याच्या काकू हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे तर डॉक्टरांचं लग्न होतं." काकांनी कपाळाला हात लावला. शेवटी पाटीखाली ताट ठेवायचं, या अटीवर नोटीस मागे घेतली गेली.

बारा वाजता मी गेटवर जाऊन उभी राहिले. मावशी आली, टाकीपाशी टेकली. मी सगळं सांगून टाकलं, सहीसकट. "तुजी सही होती ते ठाव हाय मला," ती म्हणाली. "सगल्यांचीच होती. ते सोड. तू सभेत उबी राहिली? पयल्यापासून सांग. कोन कुटं बसला होता?" तिने कोयता खाली ठेवला. हात मोकळे ठेवून ती काही ऐकतेय, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मी सांगत गेले. काकांचं तोंड कसं झालं हे तिने दोनदा सांगायला लावलं. शेवटी विचारलं, "तू रडली नाय ना?" मी नाही म्हणाले. "मंग बरं," ती म्हणाली, आणि उठली. "चल वर."

त्या दिवशी मी तिच्याबरोबर जिना चढले. एरवी खालून हाळी आली की मी ताट घेऊन दाराशी थांबायची. ती जिना कसा चढते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ती एक पाय वर ठेवायची, मग दुसरा त्याच पायरीवर आणायची. एक हात पाटीला, एक भिंतीला. पहिल्या वळणावर ती थांबली. दुसऱ्यावर पाटी उतरवून बसली. मी पाटी घेते म्हटलं तर नको म्हणाली. मासे तर खालीही खपत होते, बाकीच्या कोळणी सगळीकडे खालीच बसतात. ही बाई चौदा वर्षं या गुडघ्यांवर वर येत होती ती कशासाठी, हे मला तिथे, त्या पायरीवर बसून कळलं आणि फार उशिरा कळलं याची लाज वाटली.

"चल बाय," ती गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाली, "सुरू झाली असंल."

त्या दिवशीची मालिका तोवर संपत आली होती. मी मात्र मावशीच्या चालीने, थांबत थांबत, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढत राहिले.